मुलाचं ओटी असेसमेंट: तारीख घेण्यापासून रिपोर्ट वाचेपर्यंत

ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटीच्या) पहिल्या भेटीला बरीच कुटुंबं मुलाला परीक्षेला बसवायला आणल्यासारखी येतात. आदल्या रात्री ठोकळ्यांचा सराव झालेला असतो, रिक्षात रंगांची नावं घोकून घेतलेली असतात, आणि खोलीत शिरल्यावर आई हळूच म्हणते, "दाखव ना, घरी तर करतोस." मग रिपोर्ट बनतो तो त्या सरावाचा. सकाळी शाळेच्या शर्टाची बटणं का लागत नाहीत, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

ओटी बघते ती मुलाचा दिवस: जेवण, कपडे, अंघोळ, शी-शू, खेळ, वर्गात बसणं, लिहिणं, झोप. यातलं काय अडतं ते शोधायचं आणि मग कशामुळे अडतं ते. स्नायूंचा ताण, तोल, बोटांची ताकद, डोळा आणि हात यांचा मेळ, आवाज किंवा स्पर्श सहन न होणं, लक्ष, नाहीतर स्वतः करायची संधीच न मिळणं. हे शेवटचं कारण मुंबईत आपल्याला वाटतं त्याहून जास्त घरांत असतं. सात दहाची स्कूलबस गाठायची असेल, तर भरवणारे आणि बूट घालून देणारे हात घरात तयारच असतात.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. तो उलटा केला की पैसे आणि महिने दोन्ही जातात.

१. आधी प्रश्न लिहून काढा

"तो मागे आहे का ते बघायचंय" एवढ्यावर थेरपिस्टला कामाचं काही करता येत नाही. "ऑटिझम आहे का?" हा प्रश्न रास्त आहे, पण तो इथला नाही. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), बौद्धिक अक्षमता यांचं निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. ओटीच्या नोंदी त्यांना उपयोगी पडतात, पण निदानाच्या जागी चालत नाहीत.

उपयोगी प्रश्न असे असतात:

- पाच वर्षांची आहे. पोळीचा तुकडा तोडता येत नाही, वरण-भात खाताना निम्मा ताटाबाहेर.
- दुसरीत आहे. तोंडी सगळं येतं, पण फळ्यावरचं उतरवताना ओळ सुटते आणि वही रोज अपुरी.
- केस आणि नखं कापताना घर डोक्यावर घेतो. कुकरची शिटी झाली की कान झाकून पलंगाखाली.

असे तीन प्रश्न पुरे. आई, बाबा आणि दिवसभर मुलासोबत असणारी व्यक्ती, म्हणजे आजी किंवा पाळणाघरातल्या ताई, यांनी आपापले वेगळे लिहावेत. आजीचा प्रश्न बहुतेक वेळा वेगळा निघतो आणि बऱ्याचदा तोच सर्वांत नेमका असतो.

एक तक्रार मात्र या यादीत एकटी आली तर मी ती बाजूला ठेवायला सांगते: "ज्युनिअर केजीत आहे, लिहीत नाही." बघून वर्तुळ काढणं तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमतं, चौकोन साडेचारच्या आसपास, त्रिकोण पाचच्या पुढे. ज्या हाताला अजून त्रिकोण येत नाही त्याच्याकडून शाळा पानभर अक्षरं मागत असेल, तर तपासणी शाळेच्या अभ्यासक्रमाची करायला हवी.

थांबा: जमत असलेलं हरवलं (बोललेले शब्द गेले, चालणं बिघडलं), झटके आले, किंवा वर्षाच्या आतलं बाळ ठामपणे एकच हात वापरतंय, तर ओटीची तारीख बघत बसू नका. आधी बालरोगतज्ज्ञ, आणि त्याच आठवड्यात.

२. कान, डोळे आणि डॉक्टर

हाक मारली तरी बघत नाही, सूचना पाळत नाही, वर्गात हरवलेला असतो. हे सगळं ऐकू कमी येण्यानेही होतं. "टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे कान चांगले आहेत," हे गृहीत धरू नका. काही ध्वनी ऐकू येतात आणि काही निसटतात, असं होऊ शकतं. श्रवणचाचणीचा रिपोर्ट फाइलमध्ये हवाच. बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद यंत्राने मोजणारी) करायची की साधी ऑडिओमेट्री (आवाज ऐकू आला की मुलाने खूण करायची), ते ऑडिओलॉजिस्ट वयाप्रमाणे ठरवतील. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

डोळ्यांचंही तसंच. ओळ सोडून लिहिणारं मूल आणि चष्म्याची गरज असलेलं मूल वहीवरून सारखंच दिसतं.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर वय मोजताना लवकर जन्मलेले आठवडे वजा करायचे असतात. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, म्हणजे आठ आठवडे आधी आलेलं बाळ दहा महिन्यांचं झालं, की त्याच्याकडून साधारण आठ महिन्यांच्या बाळाची अपेक्षा धरतात. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करतात. डिस्चार्ज कार्डावर आठवडे लिहिलेले असतात. ते कार्ड नेलं नाही, तर बाळ कागदावर विनाकारण मागे पडतं.

३. कुणाकडे जायचं

पालिकेच्या केईएम, नायर आणि सायन या तिन्ही रुग्णालयांत ओटीचं शिक्षण देणारे विभाग आहेत. पाटीवर "व्यवसायोपचार" असं लिहिलेलं असू शकतं, तेव्हा ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर समजून त्या मजल्यावर जाऊन पोहोचू नका. हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची संस्था आहे. शिकवणाऱ्या ठिकाणी माहिती विद्यार्थी किंवा इंटर्न घेतात, वरिष्ठ तपासतात, आणि काम एका फेरीत संपेलच असं नाही. त्या बदल्यात खर्च नाममात्र, आणि बालरोग, मानसोपचार, वाचा-श्रवण हे विभाग त्याच आवारात. खाजगी सेंटरमध्ये वेळ ठरवून मिळते, पण दर्जा सेंटरगणिक बदलतो.

खाजगी ठिकाणी तारीख घेण्याआधी फोनवर एवढं विचारा:

- असेसमेंट स्वतः कोण करणार? पदवी बीओटीएच किंवा एमओटीएच आहे का, आणि महाराष्ट्राच्या ओटी-फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी आहे का?
- किती भेटी, प्रत्येक किती वेळाची?
- पालकांची मुलाखत आणि रिपोर्ट समजावून सांगायची वेगळी बैठक याच फीमध्ये आहे का?
- मुलाशी मराठीत बोलणारं कुणी आहे का?

थांबा: मुलाला बघण्याआधीच "आठवड्याला पाच सेशन, तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ" असं कुणी सांगितलं, तर दुसरं सेंटर बघा. काय अडतंय ते कळण्याआधी किती सेशन लागतील हे कुणालाही सांगता येत नाही.

४. दोन आठवड्यांची तयारी

मुलाला काहीही शिकवायचं नाही. तयारी तुमची आहे.

*नोंद.* कामाच्या दोन दिवसांची आणि एका सुट्टीच्या दिवसाची, उठल्यापासून झोपेपर्यंत. कोणत्या कामाला किती मदत लागली ते तीन शब्दांत लिहा: स्वतः, थोडी मदत, पूर्ण मदत. "जेवण: पूर्ण मदत, मोबाइल समोर" अशी एक ओळ पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगते. खाण्याच्या पदार्थांची यादीही करा. मूल सहाच पदार्थ खात असेल तर ते सहाही लिहा, कुरकुरीत की मऊ तेही.

*व्हिडिओ.* खोलीत मूल वेगळं वागतं, म्हणून हे लागतात. एक-दोन मिनिटांचे चार-पाच: जेवताना, शर्ट-पँट घालताना, लिहिताना, जिना उतरताना, सोसायटीत इतर मुलांमध्ये. चेहऱ्यापेक्षा हात आणि पूर्ण शरीर दिसू द्या. मागून सूचना देऊ नका आणि मदतीला हात घालू नका. घातलाच तर तोही दिसू द्या. "नको नको, हा चांगला नाही आला" म्हणून जो डिलीट करता, बहुधा तोच हवा असतो.

*शाळा.* वर्गातल्या खऱ्या वह्या आणा. घरी फेअर केलेल्या नकोत. बाईंकडून तीन मुद्द्यांची चिठ्ठी घ्या: बसणं, लिहिणं, मधल्या सुट्टीतलं वागणं. बरेच पालक शाळेला सांगायला घाबरतात. तसं असेल तर "अक्षर सुधारण्यासाठी विचारतोय" एवढंच सांगितलं तरी चिठ्ठी मिळते. मे महिन्यात तारीख असेल तर चिठ्ठी एप्रिलमध्येच घ्या, नाहीतर जूनपर्यंत कुणी भेटणार नाही.

*फाइल.* डिस्चार्ज कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट, चालू औषधांची नावं, आधी थेरपी झाली असेल तर तिची माहिती. दुसऱ्या सेंटरचा रिपोर्ट लपवू नका. थेरपिस्ट रागावत नाहीत. उलट तीच चाचणी महिन्याभरात पुन्हा घेतली तर मुलाला प्रश्न आठवतात आणि गुण फुगतात, म्हणून आधी काय झालंय ते कळणं गरजेचं असतं.

तपासा, हे चार मुद्दे तोंडी सांगायचेच: फिट येतात का (झोपाळ्यावर गरगर फिरवण्याआधी हे कळायला हवं). डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले (कोलांटी आणि उड्यांच्या आधी). हृदयाचा आजार किंवा शस्त्रक्रिया. खाण्याची ॲलर्जी (बक्षीस म्हणून काहीतरी तोंडात जाण्याआधी).

५. तारीख, वेळ आणि ती सकाळ

परीक्षेचा आठवडा, लस घेतल्यानंतरचे दोन दिवस, ताप-सर्दी: टाळा. मूल ज्या वेळी ताजंतवानं असतं ती वेळ मागा. दुपारी झोपणाऱ्या मुलासाठी दोनची वेळ घेतलीत तर चाचणी झोपेची होईल.

प्रवास हा मुंबईतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. डोंबिवलीहून परळला पिक अवरच्या लोकलने आलेलं मूल, विशेषतः आवाज आणि धक्के सहन न होणारं, दारात पोहोचतं तेव्हाच थकलेलं असतं. सरकारी ओपीडी सकाळचीच असते, तिथे लवकरची गाडी पकडून पोहोचा आणि केसपेपरच्या रांगेत एकानेच उभं राहा. दुसऱ्याने मुलाला बाहेर चालवून आणावं, डबा द्यावा, शू करवून घ्यावी. एकट्यानेच जायचं असेल तर पहिल्या दिवशी एकट्याने केसपेपर काढून वेळ घ्या आणि मुलाला दुसऱ्या फेरीत न्या. परक्या आवारातल्या दोन तासांपेक्षा ही जास्तीची फेरी परवडते.

औषधं नेहमीप्रमाणे. एडीएचडीचं औषध चालू असेल तर त्या दिवशी द्यायचं की नाही हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. दिलं असेल तर किती वाजता, ते थेरपिस्टला सांगा.

कपडे रोजचे, हालचाल करता येईल असे. चष्मा, श्रवणयंत्र, स्प्लिंट घरी विसरू नका. पिशवीत बटणांचा एक शर्ट, रोजचे बूट-मोजे, रोजचा डबा आणि रोजची पेन्सिल. नवे बूट आणि नवी पेन्सिल त्या दिवशी नकोत.

मोबाइलबद्दल: रांगेत अर्धा तास कार्टून आणि दारात हिसकावून घेतलं, तर पहिली वीस मिनिटं रडण्यात जातात. त्याऐवजी हातात धरायचं एखादं आवडतं खेळणं न्या.

मुलाला काय सांगायचं? "एका ताईंकडे जायचंय. तिथे खेळायचं, थोडं लिहायचं, उड्या मारायच्या. मी तिथेच आहे." डॉक्टर, इंजेक्शन, "शहाण्यासारखं वाग" यातलं काही नको.

६. खोलीत

सुरुवातीला थेरपिस्ट मुलाला नुसतं खेळू देतील. "अजून काही करत कसे नाहीत" असं वाटेल, पण तेव्हा बरंच काही टिपलं जात असतं: जमिनीवर मूल मांडी घालतं की पाय मागे दुमडून बसतं, खुर्चीत घसरतं का, उजव्या बाजूची वस्तू डाव्या हाताने घेताना शरीराची मधली रेषा ओलांडतं का, कात्री चालवताना जीभ बाहेर येते का, नवीन खेळणं कसं वापरायचं ते स्वतः शोधतं का.

मग ठरावीक चाचण्या. लहान बाळांसाठी दासी ही भारतीय मुलांवर बेतलेली विकासाची चाचणी जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत चालते. हालचाली आणि हातांचं काम बघायला पाच वर्षांपर्यंत पीबॉडी, चारपासून पुढे बॉट, आणि आकृत्या बघून काढण्यासाठी बीरी. सगळ्या चाचण्या सगळ्यांना लावत नाहीत. तुमच्या तीन प्रश्नांवरून निवड होते.

या चाचण्यांत सूचना ठरलेल्या शब्दांत द्यायच्या असतात आणि मूल अडलं तरी मदत करायची नसते. थेरपिस्ट गप्प बसल्या तर त्या रुक्ष आहेत असं समजू नका. तुम्हीही गप्प बसा. मुलाच्या मागच्या बाजूला, नजरेच्या रेषेबाहेर. सर्वांत जास्त असेसमेंट बिघडतात ती इथेच: आई ओठ हलवते, बाबा बोटाने खूण करतात, आणि "घरी करतो हो" हे प्रत्येक प्रश्नानंतर. घरी करतो ते महत्त्वाचं आहेच. कागदावर लिहा आणि शेवटी सांगा. त्याची वेगळी नोंद होते.

भाषा आधीच स्पष्ट करा. कित्येक मुलांना घरी मराठी, बिल्डिंगमध्ये हिंदी आणि रंग-आकडे फक्त इंग्रजीत येतात. "त्रिकोण दाखव" म्हटल्यावर गोंधळलेलं मूल "ट्रँगल" म्हणताच बोट ठेवतं. हे आधी न सांगितल्यास भाषेची अडचण आकलनाची म्हणून नोंदली जाते.

मूल रडलं, टेबलाखाली गेलं, तर ओरडू नका, लाच देऊ नका. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या भेटीत पूर्ण होतं. ओढून घेतलेल्या चाचणीचे गुण मात्र कुठेच उपयोगी पडत नाहीत.

७. प्रश्नावली घाईत भरू नका

आवाज, स्पर्श, हालचाल याबद्दलच्या प्रश्नावल्या पालकांनी भरायच्या असतात, आणि त्या बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावर, मुलाला एका हाताने धरून भरल्या जातात. घरी न्यायची परवानगी मागा. इंग्रजी अडत असेल तर लाजू नका. थेरपिस्टना प्रश्न विचारून भरून घ्यायला सांगा.

सेन्सरी प्रोफाइल या अशाच एका प्रश्नावलीत "जवळजवळ नेहमी" म्हणजे दहापैकी नऊ वेळा किंवा जास्त, "जवळजवळ कधीच नाही" म्हणजे दहापैकी एकदा किंवा कमी. उत्तरं या मापाने द्या. दोन चुका नेहमीच्या: वाईट वाटतं म्हणून सगळीकडे मधला पर्याय, आणि आपण सांभाळून घेतो म्हणून "होत नाही" असं लिहिणं. मिक्सर लावताना तुम्ही मुलाला बाल्कनीत पाठवत असाल तर त्याला मिक्सरचा त्रास होत नाही असं नाही. तुम्ही तो टाळता आहात. तसंच लिहा.

८. रिपोर्ट वाचताना

आकडे बघून घाबरणं किंवा खूश होणं दोन्ही थांबवा, कारण प्रत्येक चाचणीचं माप वेगळं असतं. बीरीमध्ये सरासरी 100 असते, बॉटच्या मुख्य गुणांची सरासरी 50. म्हणजे एका रिपोर्टमध्ये 50 हा अगदी सर्वसाधारण आकडा आहे, तर दुसऱ्यात तो गंभीर अडचण दाखवतो. आकड्याशेजारी "सरासरी किती" हे विचारून पेन्सिलने लिहून ठेवा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. 16 पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण सोळा मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे. शंभरपैकी सोळा गुण मिळाले असा त्याचा अर्थ नाही. आणि "सात वर्षांच्या मुलाचं वय चार वर्षं आलं" या ओळीवर सर्वांत कमी विश्वास ठेवा. त्या एका चाचणीतले गुण चार वर्षांच्या मुलांच्या सरासरीएवढे आहेत, एवढंच ती सांगते. तुमचं मूल सात वर्षांचंच आहे.

बऱ्याच चाचण्यांची मापं परदेशी मुलांवरून ठरलेली असतात. अनोळखी साधनं किंवा न केलेल्या कृती आल्या असतील, तर त्या गुणांचा अर्थ कसा लावला ते विचारा.

तपासा, रिपोर्टमध्ये हे असायला हवं: चाचणीचं नाव आणि तारीख. त्या दिवशी मूल कसं होतं. काय चांगलं जमतं. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. पुढची उद्दिष्टं. करणाऱ्यांची सही आणि नोंदणी क्रमांक. तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर रिपोर्ट कितीही जाड असला तरी ती मागायला परत जा.

९. उद्दिष्टं ठरवणं

"सूक्ष्म कारक कौशल्य सुधारणे" (म्हणजे बोटांची बारीक कामं) हे उद्दिष्ट पूर्ण झालं की नाही, कधीच कळत नाही. "तीन महिन्यांत शाळेच्या शर्टाच्या पाच बटणांपैकी चार स्वतः लावेल" हे कळतं. एका वेळी दोन-तीन उद्दिष्टं पुरेत, आणि त्यातलं एक तरी मुलाला स्वतःला हवं असलेलं असावं. सायकल चालवायची असेल तर सायकल.

घरी रोज काय करायचं ते लिहून घ्या आणि एकदा समोर करून दाखवा. यादीत दहा व्यायाम असतील तर कोणते दोन ठेवायचे ते विचारा. नोकरी, लोकल आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या घरात दोनच टिकतात. त्यातही जे रोजच्या कामात बसतात ते: कणकेचे गोळे करणं, मटार सोलणं, ओले कपडे पिळणं, पाण्याची बाटली भरून आणणं.

शाळेला पूर्ण रिपोर्ट द्यायची गरज नाही. थेरपिस्टकडून एका पानाचं पत्र मागा: कुठे बसवायचं, फळ्यावरचं किती उतरवायला द्यायचं, मधे उठायची मुभा.

१०. प्रमाणपत्र आणि पुन्हा तपासणी

ओटीचा रिपोर्ट म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारने नेमलेल्या रुग्णालयात तपासणी होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बऱ्याच लाभांसाठी किमान 40 टक्क्यांची अट आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळू शकतं. थेरपीची बिलं पहिल्या दिवसापासून सही-शिक्क्यासह जपा. मागाहून गोळा करणं जमत नाही.

बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींची प्रक्रियाही वेगळी आहे. शाळेकडून ती आठवी-नववीतच समजून घ्या. दहावीच्या दिवाळीनंतर धावाधाव होते.

पुन्हा असेसमेंट साधारण सहा महिन्यांनी ते वर्षाने, शक्यतो त्याच चाचणीने आणि दिवसाच्या त्याच वेळी. मधल्या काळात सेंटर बदललं तर नुसता रिपोर्ट घेऊन निघू नका. चाचणीच्या उपविभागांचे मूळ गुणही लेखी मागा, म्हणजे नव्या थेरपिस्टना तुलना करता येते. आणि पहिल्या वेळी काढलेले व्हिडिओ फोनमधून उडण्याआधी दुसरीकडे उतरवून ठेवा. त्याच शर्टाचा नवा व्हिडिओ त्यांच्या शेजारी ठेवून बघायला लागेल.